वहीतला शेवटचा रकाना

आईच्या इद्दतीत घरात धूप पेटला नाही, त्यामुळे पाहुणे उठतच नसत.

एरवी आमच्याकडे कुणाला "आता निघा" असं म्हणावं लागत नाही. कॉफी होते, खजूर होतात, गप्पा ओसरतात, मग घरातलं कुणीतरी निखाऱ्यांची धूपदाणी फिरवतं. ज्याने त्याने दाढीखाली, ओढणीखाली धूर घ्यायचा आणि चपला शोधायच्या. धूर घेतल्यावर पुन्हा टेकलेला माणूस आमच्या अरबी बंदरगावात, मत्रहमध्ये तरी मी पाहिलेला नाही. पण नवरा गेलेल्या बाईने इद्दतीचे चार महिने दहा दिवस सुगंधाला शिवायचं नसतं, आणि आई या बाबतीत कडक. अंगाला तर नाहीच, घरातही वास नको म्हणाली. मग समाचाराला आलेल्या बायका बसून राहत. काय चुकतंय ते त्यांनाही कळत नसे. शेवटी शमसामावशीने, आईच्या धाकट्या बहिणीने, रिकामी धूपदाणी हातात घेऊन खोलीभर एक चक्कर मारली.

"यात तर काहीच नाही," एक म्हातारी आत डोकावून म्हणाली.

"काहीच नाही, पण अर्थ तोच आहे," मावशी म्हणाली.

आई हसली. बाबा गेल्यावर पहिल्यांदा.

मुलीचा दुखवटा तीन दिवसांचा. चौथ्या दिवशी सकाळी आईने मला हाक मारली.

"रय्या, अत्तर लाव."

"मला गरज नाही, आई."

"गरज कुणी विचारली? बाप गेलाय तुझा, नवरा नाही. चौथ्या दिवशी लावायचं म्हणजे लावायचं. आणि लावून माझ्याजवळ येऊ नकोस."

मी गच्चीवरच्या बाबांच्या खोलीत गेले, हाताला लागली ती कुपी उघडली, एक थेंब मनगटाला लावला आणि दुपारपर्यंत वरच बसून राहिले. साधं चंदन होतं. फार काही वाटलं नाही. वाटेल अशी मला भीती होती.

मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करते. राहते तिकडेच, गाडीने अर्ध्या तासावर. पण ते चार महिने मी आईकडेच राहिले. ती खालच्या खोलीत पांढऱ्या कपड्यांत, मी तिच्या शेजारी पुस्तक घेऊन. पुस्तकं दुःखाबद्दल बरंच सांगतात. दुःख असलेल्या बाईच्या शेजारी बसून पान उलटण्याचा आवाज किती मोठा होतो, ते मात्र कुठे वाचलं नव्हतं.

इद्दतीचा महिना उरला तेव्हा आई एका दुपारी म्हणाली, "त्या दिवशी मी लग्नातलं अत्तर लावणार आहे."

"कुठलं?"

"लग्नात माझ्या केसांना लावलं होतं ते. यांच्या आत्याबाईंनी केलेलं. वर कपाटात बघ."

"कपाटात शेकड्यांनी कुप्या आहेत."

"म्हणून तर बघ म्हटलं. वाचता येतं ना तुला? दिवसभर वाचत असतेस. त्यांनी लिहून ठेवलं असेल." मग म्हणाली, "नीट बघ. एखाद्या कुपीवर 'लग्न' असं लिहिलेलं आहे का."

बाबा आयुष्यभर बंदराजवळच्या हवामान कचेरीत नोंदी करत. तापमान, आर्द्रता, वारा, दिवसातून चार वेळा. निवृत्त झाल्यावर त्यांनी नोंदी थांबवल्या असं मला वाटलं होतं. कपाट उघडल्यावर कळलं की त्या त्यांनी तिशी गाठायच्या आधीच घरी आणल्या होत्या.

तीनशे बेचाळीस कुप्या होत्या. प्रत्येकीच्या बुचावर एक आकडा, बाकी काही नाही. आणि अकरा वह्या. पानावर रकाने आखलेले: क्रमांक, तारीख, तापमान, आर्द्रता, वारा, मिश्रण. मिश्रणाच्या रकान्यात बारीक अक्षरात म्हैसूरचं चंदन इतके थेंब, तिमोरचं इतके, डोंगरातला गुलाब, केशर, लवंग, कस्तुरी. दमट हवेत गुलाब पुढे येतो आणि कोरड्या हवेत चंदन, असं ते म्हणत; म्हणून हवामान. आणि सगळ्यात शेवटच्या रकान्यावर डोक्याशी आईचं नाव होतं: झुवैना.

त्या रकान्यात प्रत्येक ओळीत एकच शब्द होता. नाही.

लहानपणी मी ते पाहिलेलं होतं, पण पाहिलं म्हणजे कळलं असं नसतं. शुक्रवारी दुपारी जेवण झालं की बाबा काचेची काडी घेऊन खाली येत. आई आडवी झालेली असे. ती डोळे न उघडता हात पुढे करी, ते मनगटाला काडी लावत, घड्याळाकडे बघत थांबत, मग विचारत, "झुवैना?" आणि ती म्हणे, "नाही." बाबा "बरं" म्हणून वर जात. एकेक मिश्रण मुरतं तसं ते पाच-सहा शुक्रवार लावून बघत आणि वहीत शेवटचा निकाल लिहीत. मला वाटे सगळ्यांच्या घरी असंच असतं.

मी अकरा वह्यांमध्ये "हो" शोधला. दोन संध्याकाळी गेल्या. "लग्न" हा शब्दही कुठे नव्हता, वहीत नाही, बुचावर नाही. मग मी मुहसिनकाकांकडे गेले.

मुहसिनकाका बाबांचे चाळीस वर्षांचे मित्र, दातांचे डॉक्टर. दवाखाना बंद होऊन सहा वर्षं झाली, पण जागा त्यांनी सोडली नव्हती. दर शनिवारी तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजानंतर चार-पाच नाकवाली मंडळी तिथे जमत. ज्या लांबट खणांत पूर्वी चिमटे आणि आरसे असत त्यांत आता कुप्या होत्या, आणि रुग्णाच्या खुर्चीत बसण्याचा मान ज्याने नवीन काही आणलं असेल त्याचा.

"ये पोरी, बस खुर्चीत. तोंड उघडायला नाही सांगणार." त्यांनी माझ्यासमोर कागदाची एक पट्टी धरली. "आधी हे हुंग. पॅरिसमधलं आहे. एक माणूस आणि त्याची बायको, दोघंच करतात. वर्षाला दोनशे बाटल्या."

मी हुंगलं. "ओल्या सिमेंटसारखं आहे."

"बरोब्बर! 'पावसात भिजलेलं बांधकाम' असं नाव आहे त्याचं. तुझा बाप काय म्हणाला माहितेय? म्हणाला, मुहसिन, जगात बारा माणसं हे लावतात आणि त्यातले अकरा गवंडी आहेत. मागच्या वर्षी मी पेट्रोल पंपाच्या वासाचं मागवलं, तर म्हणे माझ्या गाडीची टाकी भर आणि फुकट हुंग." ते हसले, मग चष्मा काढून पुसत बसले. चष्मा स्वच्छ होता.

"काका, मला लग्नातलं अत्तर हवंय."

"कुणाच्या लग्नातलं? तू पुन्हा करतेयस की काय?"

"आईच्या. ती इद्दत सुटेल त्या दिवशी लावणार म्हणते."

त्यांनी चष्मा घातला. "ते नाहीये, बेटा. ते कधीच संपलं. तुझ्या बापाची आत्या झांझिबारहून परत आलेली. तिने लग्नासाठी एक बरणी मखमरिया केला, चंदनाचा घट्ट लेप, आणि दोन महिन्यांत ती गेली. कृती कुणाला सांगितली नाही. लिहिता येत नव्हतं तिला. वर्षभरात बरणी संपली आणि तुझी आई एकदा सहज म्हणाली, तसा वास पुन्हा नाही मिळायचा. बस. तेवढ्यावर त्या माणसाने चाळीस वर्षं काढली."

"म्हणजे कपाटात आहे ते सगळं..."

"प्रयत्न. सगळेच्या सगळे प्रयत्न."

"आणि एकदाही जमलं नाही?"

"एकदाही 'हो' आला नाही," मुहसिनकाका म्हणाले. "दर शनिवारी इथे येऊन बसायचा. आम्ही विचारायचो, काय अबू रय्या, रय्याच्या बापा, काल काय निकाल? तो म्हणायचा, नाही. आणि असा खुशीत म्हणायचा की जणू मुलगा झालाय."

मला आईला हे सांगायचं होतं आणि सांगायचं नव्हतं. मी म्हटलं, "मला शिकवा. निदान त्यातलं सगळ्यात जवळचं कुठलं ते तरी निवडता येईल."

"तू कधी ते मूळ अत्तर हुंगलं आहेस?"

"नाही."

"मीही नाही. तुझ्या बापाने हुंगलं होतं, पण त्याचा स्वतःच्या नाकावर विश्वास नव्हता. ज्या वासाचा खरा साक्षीदार एकच आहे आणि तिला महिनाभर हुंगायची मनाई आहे, तो तू शोधणार. शाब्बास. बापाचीच मुलगी."

पण त्यांनी शिकवलं. तीन शनिवार मी गेले. चंदनातही किती प्रकार: म्हैसूरचं गरम दुधासारखं अंगावर बसतं, ऑस्ट्रेलियाचं नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीसारखं कोरडं, तिमोरचं या दोघांच्या मध्ये कुठेतरी, किंचित खारट. नाक थकलं की कॉफीच्या बिया हुंगायच्या नसतात, ते दुकानदारांचं नाटक. स्वतःच्या कोपराच्या खळीत नाक खुपसायचं. दिवसाला सहापेक्षा जास्त नाहीत. मी घरी वर बसून सहा-सहा कुप्या उघडू लागले. वहीत माझी टिपणं लिहायची हिंमत झाली नाही, ग्रंथालयाच्या जुन्या कार्डांवर लिहिली. एका संध्याकाळी लक्षात आलं की जेवणाची वेळ टळून गेली आहे आणि बाबांबद्दल मला सलग तीन तास वाईट वाटलेलं नाही. त्याचं मग वेगळं वाईट वाटलं.

खाली जाण्याआधी मी दर वेळी कपडे बदलत असे, लिंबू आणि मीठ लावून हात धूत असे. आईसमोर काडीइतकाही वास न्यायचा नव्हता.

इद्दतीचे अकरा दिवस उरले होते. त्या संध्याकाळी मी दोनशे बारा नंबरची कुपी कोपराच्या खळीत लावून पाहिली होती. तासाभराने हुंगलं, काही नव्हतं. उडून गेलं, असं समजले. हात धुतले, कपडे बदलले, खाली आले आणि आईच्या मागे बसून तिचे केस विंचरायला घेतले. माझी कोपरं तिच्या खांद्यांवर होती.

चंदनाचं हेच आहे. लावणाऱ्याचं नाक त्याला लवकर सरावतं आणि वास गेला असं वाटतं. समोरच्याला तो पुढे कितीतरी वेळ येत राहतो. मुहसिनकाकांनी मला हे पहिल्याच शनिवारी सांगितलं होतं. बाबा याच कारणाने स्वतःच्या हातावर कधी निकाल लावत नसत.

आईचे डोळे मिटलेले होते. कंगवा तिच्या केसांतून तिसऱ्यांदा खाली आला आणि ती म्हणाली, "नाही."

आवाज पांढऱ्या कपड्यांतल्या बाईचा नव्हता. शुक्रवारच्या दुपारचा होता. थोडा आळसावलेला, थोडा लाडात आलेला, उत्तर आधीच ठरवून ठेवलेला.

मग तिने डोळे उघडले.

"उठ," ती म्हणाली. "लांब हो."

मी इतकी लांब झाले की भिंतीला टेकले. ती न्हाणीघरात गेली. खांद्यांवरून पाणी ओतल्याचा आवाज बराच वेळ येत होता. ओढणी तिने तीनदा धुतली, तरी बादलीच्या कडेला नाक नेऊन मान हलवली आणि बादलीसकट ती मला गच्चीवर ठेवायला लावली. मी माफी मागत होते. ती ऐकत नव्हती.

वरून परत आले तेव्हा ती कोरड्या कपड्यांत पलंगावर बसली होती.

"कितवी होती?"

"दोनशे बारा."

"वहीत काय लिहिलंय?"

"नाही."

"सगळ्यांपुढे तेच?"

"सगळ्यांपुढे. आई, लग्नातलं अत्तर वर नाहीये. मुहसिनकाका म्हणाले की..."

"ते मला डॉक्टरांनी सांगायला नको. ती बरणी मीच बोटाने पुसून संपवली."

"मग मला काय शोधायला पाठवलंस?"

तिने केस पुढे घेतले आणि स्वतःच विंचरू लागली.

"त्यांना जमलं होतं ते," ती म्हणाली.

"कधी?"

"फार पूर्वी. मनगटाला काडी लावली आणि मला आत्याबाईंचा मेंदीचा हात दिसला. अगदी तोच वास. तोंडापर्यंत आलं होतं, हो म्हणून. मग मी त्यांच्याकडे बघितलं. कसे बसले होते घड्याळ घेऊन! म्हटलं, मी हो म्हटलं की संपलं. पुढच्या शुक्रवारी काय करणार हा माणूस? शमसाच्या नवऱ्यासारखा टपालाची तिकिटं जमवत बसेल. तिकिटांत माझं काय काम? यात दर आठवड्याला माझं मनगट लागायचं."

तिचा कंगवा चालूच होता.

"म्हटलं, पुढच्या महिन्यात सांगू. मग ईद झाल्यावर सांगू. मग इतका उशीर झाला की सांगितलं असतं तर रागावले असते. नंतरही एक-दोनदा जवळ आले होते. पण ते एकदा, ते तर तेच होतं." कंगवा थांबला. "इस्पितळात शेवटच्या आठवड्यात मला म्हणाले, झुवैना, एकही नाही? आणि मी म्हटलं, नाही. सवयीने निघून गेलं गं तोंडातून. तेवढ्यात नर्स आली त्यांना कुशीवर वळवायला. म्हटलं संध्याकाळी सांगते. संध्याकाळी ते बोलण्यासारखे नव्हते."

"आई."

"मला वाटलं, माणूस हुशार होता, आभाळ बघून वारा सांगायचा. कळलं असेल त्यांना. कळलं असेल तर वर कुठेतरी लिहिलं असेल, एखाद्या कुपीवर 'लग्न' म्हणून. म्हणून तुला पाठवलं." ती माझ्याकडे बघत होती. "नव्हतं ना कुठे?"

"नव्हतं."

"मग त्यांना कळलं नव्हतं," आई म्हणाली. "मी फसवलं त्यांना, आणि ते हरलो समजून गेले."

खोलीत पंखा फिरत होता. मी विचारलं, "तो नंबर आठवतो?"

"नंबर त्यांचे. मला काय आठवणार नंबर? तुला कांजण्या आल्या होत्या तेव्हा. वादीला, त्या एरवी कोरड्या ओढ्याला, पूर आला होता, पाणी बाजारातून धावत होतं, आणि कुणाची तरी बकरी आपल्या खालच्या पायरीवर येऊन बसली होती. हाकललं तरी जाईना."

मी वर गेले. कांजण्या मला आठव्या वर्षी आल्या. तिसऱ्या वहीत त्या हिवाळ्याची पानं होती. आमच्याकडे पाऊस वर्षातून चार दिवस पडतो, वाऱ्याच्या रकान्यात बाबांनी जागा नसताना दाबून लिहिलेलं होतं, "पाऊस, एकसष्ट मिलिमीटर." क्रमांक एकोणपन्नास. म्हैसूरचं चंदन, डोंगरातला गुलाब, केशर. आणि पुढे, इतर कुठल्याच ओळीत नसलेलं: "झांझिबारच्या लवंगेच्या पेटीचा भुसा, तेलात सहा आठवडे." आत्याबाई आपलं चंदन बहुधा त्या पेटीत ठेवत असतील. ते त्यांना सुचलं होतं.

शेवटच्या रकान्यात: नाही.

मी तो शब्द दिव्याखाली धरून पाहिला. हात थरथरला आहे का, पेन थांबलं आहे का, आधी काही लिहून खोडलं आहे का. काही नव्हतं. बाबांचं अक्षर हवामान खात्याचं होतं. वादळ आणि दव दोन्ही एकाच मापात.

एकोणपन्नास नंबरची कुपी मागच्या रांगेत होती, निम्म्याहून जास्त भरलेली. तेल मधासारखं दाट झालं होतं. मी बूच काढलं आणि न हुंगताच परत बसवलं. हुंगायचा हक्क आधी माझा नव्हता.

त्यानंतर दहा दिवस आई कमी बोलली. जेवली, नमाज पढली, शमसामावशीच्या विनोदांवर मान हलवली. कुपी सापडल्याचं मी सांगितलं तेव्हा "बरं" म्हणाली, अगदी बाबा म्हणत तसं. अत्तर मिळालं होतं. तिला हवं होतं ते मिळालं नव्हतं.

आदल्या दिवशी मी मुहसिनकाकांना फोन केला. सगळं सांगितलं. पूर, कांजण्या, बकरी, इस्पितळ. विचारलं, "त्या दिवशी ते तुमच्याकडे आले होते का? काही बोलले होते का?"

"बेटा, तेहतीस वर्षं झाली. मला काल काय जेवलो ते आठवत नाही."

"आठवून बघा ना."

"बघतो," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका जमल्या. आईला न्हाऊ घातलं, हिरवा पोशाख घातला, हातांना मेंदी लागली. मी बशीत कुपी आणि काचेची काडी ठेवून आणली. तिने मनगट पुढे केलं. मी काडी लावली आणि, का कोण जाणे, घड्याळाकडे बघितलं. आईने मनगट नाकाशी नेलं आणि तसंच ठेवलं. मग तिने दुसरं मनगट पुढे केलं.

"काय लावलंयस गं?" शमसामावशी पुढे झुकली. "कुठून आणलंस हे?"

"माझं आहे," आई म्हणाली. "तुला नाही मिळायचं."

बायका दुपारी गेल्या. अस्र झाल्यावर मुहसिनकाका आले, चार महिन्यांत पहिल्यांदा आईसमोर. इस्त्रीचा अंगरखा, हातात हलव्याचा डबा. दाराशीच उभे राहून म्हणाले, "वहिनी, अल्ला तुम्हाला सबुरी देवो. आत येऊ?"

"या डॉक्टर. बसा. दात आहेत अजून माझे, घाबरू नका."

मी अत्तराचा फाया बशीत ठेवून त्यांच्यापुढे केला. त्यांनी तो उचलला नाही, बशीवर वाकले. बराच वेळ वाकलेले होते. "लवंगेचं लाकूड," ते हळूच म्हणाले. "गुलाम कुठला. आम्हाला कधी बोलला नाही." मग सरळ बसले.

आईने मांडीवरची ओढणी सारखी केली. "डॉक्टर, एक विचारते. खरं सांगा. त्यांना कळलं होतं का?"

मी कॉफीच्या किटलीजवळ होते. मुहसिनकाकांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"वहिनी, आता तो नाही म्हणून सांगतो. नाहीतर त्याची शपथ होती," ते म्हणाले. "वादीला पूर आला होता त्या दिवशीची गोष्ट. रय्याला बहुतेक गोवर आला होता..."

"कांजण्या," आई म्हणाली.

"कांजण्या. पाणी घोट्यापर्यंत होतं, आणि हा माणूस बूट हातात घेऊन माझ्या दवाखान्यात आला. खुर्चीत एक बाई होती तोंड उघडून, तिच्यासमोर म्हणाला, मुहसिन, आज झालं. मी म्हटलं, हो म्हणाली? तर हसायला लागला. म्हणाला, नाही म्हणाली. पण आधी दोनदा श्वास घेतला. एरवी एकदाच घेते."

आई हलली नाही.

"मी म्हटलं, अरे मग तिला सांग की तुला कळलं. म्हणाला, वेडा आहेस का? सांगितलं तर शुक्रवारी मी काय करू?"

मुहसिनकाकांनी चाळीस वर्षं लोकांना दुखणार नाही म्हणून सांगितलं होतं, आणि लोकांनी तोंड उघडलं होतं. पूर त्यांना मी सांगितला होता. कांजण्या मी सांगितल्या होत्या. आईची शुक्रवारची गोष्टही मीच सांगितली होती. बूट सांगितले नव्हते. पण वादीच्या पाण्यात मत्रहमधला प्रत्येक माणूस बूट हातात घेऊनच चालतो. आणि ते दोन श्वास. ते कुठून आले ते मला माहीत नाही. विचारायला पुढचा शनिवार होता. विचारणार नाही, हे मला तिथे उभ्या उभ्याच कळलं.

मी कॉफी ओतली.

"बूट हातातच घेऊन गेले होते," आई म्हणाली. तिचा चेहरा ओला होता आणि तिने तो पुसला नाही. "मी वरून बघत होते. कुठे निघाले म्हणून ओरडले, तर मागे वळून बघितलंसुद्धा नाही."

"बघेल कसा? हसत होता ना."

"मेला," आई म्हणाली. चार महिन्यांत हा शब्द तिने असा लाडाने वापरला नव्हता. तिने मनगट एकदा नाकाशी नेलं, मग कॉफीचा पेला उचलून मुहसिनकाकांच्या हातात दिला आणि त्यांच्याकडे तोंड करून नीट मांडी घालून बसली.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

मुहसिनकाकांनी पुन्हा सांगितलं. या वेळी पाणी गुडघ्यापर्यंत होतं.